दाजी सध्या बॅडमिंटन शिकवतात

आमच्या दाजींनी शिकवला नाही असा खेळ अजून निघायचाय, आणि निघालाच तर त्याच संध्याकाळी तो पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सुरू होईल. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. पाचोडहून ते खो-खो आणि विहिरीतलं पोहणं एवढ्या शिदोरीवर शहरात नोकरीला आले, आणि निवृत्त झाल्यावर जे सुटले ते सुटलेच. आधी खेळ शिकावा आणि मग शिकवावा हा क्रम त्यांना मान्य नाही. सकाळी मैदानावर कुणाचं तरी बघून यायचं आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून पोरं गोळा करायची. स्केटिंगच्या पहिल्या दिवशी ते भाजीचा गाडा धरून निघाले. गाडा वळला, दाजी सरळ गेले आणि उताणे पडले. धावत आलेल्या पोरांना पडल्यापडल्याच म्हणाले, "नीट बघून घ्या रे, पडायचं असतं ते असं!" अक्का कपाळाला हात लावते. "साऱ्या खेळांचं सामान आलंय घरात, फकस्त माझं लाटणं गायब हाय. स्टंपाला नेलंय म्हणं!"

पण खरी गंमत वेगळीच आहे. शिष्यानं हरवलं की दाजी तो खेळच सोडतात. रागानं नव्हे, आनंदानं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं. त्यानं एकदा दाढी करता करता मात दिली, तर हे गालावरचा फेस तसाच ठेवून पेढे आणायला पळाले. "माझं काम झालं," म्हणाले, पट त्यालाच देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून टेबल टेनिस. तो बिचारा अजून मला विचारतो, "दाजी दिसंना झाले हो?"

सध्या बॅडमिंटन चालू आहे आणि शिष्य मी आहे. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि संध्याकाळी घर खायला उठू लागलं. दाजींनी एके दिवशी लिंबाच्या झाडापासून आमच्या फाटकापर्यंत दोरी बांधली, माझ्या हातात रॅकेट दिली आणि रोज येऊ लागले. खेळ झाला की ओट्यावर चहा आणि पाचोडच्या बाजारच्या गप्पा. मला फार आवडतो तो तास. पंचाईत एवढीच की मला आता खेळ यायला लागलाय. दाजींचा गुडघा डावीकडे वळत नाही, शटलचं फूल तिकडे टाकलं की गुण माझा, हे मला केव्हाच कळलंय. पण मी जिंकलो की पेढे येतील आणि दाजी जातील.

काल जिंकायला एकच गुण हवा होता. त्यांची डावी बाजू सताड मोकळी होती. मी फूल दोरीखालून मारलं, मग पुढची सगळीही, आणि डाव घालवला. दाजींनी घाम पुसला आणि ते जवळ आले. "पाव्हणं, मुद्दाम हरायचं असलं तर मनगट सैल सोडत जा. असं आखडलं की समोरच्याला कळतंय."

मी पडलेलं फूल उचललं. "मग... उद्या?"

"येतो की! तुमचं हरणं लई कच्चं हाय अजून," ते म्हणाले, आणि माझं मनगट हातात धरून ते कसं सोडायचं हे दाखवू लागले.