रुपया चढण्याची वाट

नागपूरच्या इतवारीत धान्याची पोती हातगाडीवरून उतरली, की चार दाणे रस्त्यावर राहतातच. आमच्या दुकानाचेही तसेच आहे. परदेशातून आलेली रक्कम घेऊन माणसे निघून जातात आणि त्यांच्या हकीकती काउंटरवर राहून जातात. झाडून टाकाव्यात म्हटले तर मन होत नाही. मी विणकराच्या घरातला. शाळा सातवीत सुटली. वाचन मात्र सुटले नाही. उतारवयात या परकीय चलन विनिमयाच्या दुकानात बसतो आणि मुद्देसूद बोलतो, असा माझा लौकिक आहे. तेव्हा मुद्द्यावर येतो.

*

रक्कम देण्यापूर्वी पाठवणाऱ्याशी असलेले नाते विचारावे लागते. तो नियम आहे. उमरेडच्या गणपतरावांचा मुलगा आखातात सुपरवायझर आहे. दर महिन्याला मी गणपतरावांना तोच प्रश्न विचारतो आणि ते दर महिन्याला "मुलगा" असे उत्तर देतात.

एकदा मात्र ते म्हणाले, "आधी पोरगा होता गा. आता मेसेज आहे. पैसे सुटले की वाजते."

मी "मुलगा" असेच लिहिले. मेसेजसाठी रकाना नाही.

*

मैनाबाई मौद्याच्या. त्यांचा एकुलता एक राजू तिथल्या वीज केंद्रावर वेल्डिंग शिकला आणि मग आखातात गेला. नवरा वारलेला, घरात दुसरे कोणी नाही. मी त्यांना अनेकदा समजावले, की रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होऊ शकते. त्यासाठी एसटीचे धक्के खात इतवारीपर्यंत येण्याची आवश्यकता नाही.

"खात्यात कोनी इचारते का, कोनं पाठवले म्हनून?" त्या म्हणाल्या. "तुम्ही इचारता. मंग मले त्याचं नाव घ्याले भेटते. बापाच्या नावासकट."

त्यानंतर मी तो प्रश्न त्यांना जरा सावकाश विचारू लागलो.

*

आमच्या भिंतीवर रोजच्या भावाचा फलक आहे. रुपया घसरला, की तोच रियाल घरी अधिक रुपये होऊन पोचतो. म्हणून ज्या दिवशी रुपया घसरतो, त्या दिवशी दुकानात वाट पाहणाऱ्यांच्या बाकावर सण असतो. गणपतराव स्वखर्चाने चहा मागवतात.

मैनाबाई तेवढ्या तो चहा घेत नाहीत. राजूने त्यांना फोनवर सांगून ठेवले होते, की रियालचा भाव उतरला म्हणजे तिथे राहण्यात अर्थ नाही; तेव्हा तो परत येईल. झाले. बाईंनी रुपया चढावा म्हणून सोमवार धरले.

ही वार्ता बाकावर पोचताच गणपतराव अस्वस्थ झाले. "काहून वं मैनाबाई, तुह्या उपासानं रुपया चढला तं आमचे पोट्टे काय खातीन?"

"घरी येऊन भाकर खातीन," मैनाबाई म्हणाल्या.

गणपतरावांचा चहा निवला. रुपया त्या आठवड्यात आणखी घसरला.

*

एकदा रक्कम घेत असतानाच राजूचा व्हिडिओ कॉल आला. आईची विचारपूस झाल्यावर त्याने बाजार दाखवण्यास सांगितले. मैनाबाई फोन उंच धरून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून भांड्यांनी लादलेली हातगाडी आली. हमालाने आपला आवाज आणि शब्दसंग्रह दोन्ही वापरले. ते शब्द मी येथे देत नाही.

बाई ओशाळून बाजूला झाल्या. गडबडीत फोन बंद पडला, असे वाटून त्यांनी तो कानाला लावला. मग त्याचा आवाज आला.

"आई, त्याले अजून एकदा ओरडू दे ना."

*

अखेर राजू रजेवर आला. आईला घेऊन तो दुकानात आला, तेव्हा मैनाबाईंनी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. गणपतरावांनी त्याला आपल्या मुलासारखे जवळ घेतले आणि जरा जास्तच वेळ सोडले नाही.

परतलेल्या माणसांची एक रीत आहे. सगळे चलन बदलून घेतात, पण एक नोट पाकिटात राखून ठेवतात. तिकडे उतरल्यावर विमानतळापासून कामगारांच्या कॅम्पपर्यंतच्या टॅक्सीसाठी ती लागते. ज्याला परत जायचे नसते, तो तीही काउंटरवर ठेवतो. माणूस जाणार की राहणार, हे विचारावे लागत नाही.

राजूने रियाल मोजून माझ्यापुढे सरकवले. एक नोट पाकिटात परत ठेवली.

"थे काहून ठेवली?" मैनाबाईंनी विचारले.

"टॅक्सीले लागते, आई."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी फलकाकडे पाहिले. त्यांनी हळूच त्याची बाही सोडली.

*

राजूची रजा संपली, त्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तोच मैनाबाई एकट्या आल्या. संध्याकाळी त्याचे विमान होते. त्यांनी पदराची गाठ सोडून घडी घातलेली ती नोट माझ्यापुढे ठेवली.

"हे बदलून द्या."

राजू कुठे आहे, असे मी विचारले.

"घरी. बॅग भरून राहिला."

मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत त्यांना नियम सांगितला. परकीय चलन ज्याचे असेल, त्याचा पासपोर्ट दाखवल्याखेरीज ते बदलता येत नाही. त्याला माझा इलाज नाही.

मैनाबाईंनी मान हलवली. त्यांनी पिशवीत हात घातला. वरची मेथीची जुडी बाजूला केली, तिच्याखालून रुमालात बांधलेला पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवला.

"नोट बदलून द्या," त्या म्हणाल्या. "आन् हे तुमच्यापाशीच राहू द्या."