सुभेदारांचं पदक आणि वारुळावरची अळंबी

सातारा जिल्ह्यात रानातली अळंबी ओळखणारा माणूस एकच, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत होतं. आणि तो कोण, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुभेदार म्हणून रिटायर होऊन ते साताऱ्याजवळच्या गावी आले आणि समोर शत्रू उरला नाही म्हणून अळंबीच्या मागे लागले. श्रावणात मी माधवनगरहून गेलो की मला रानात नेत. वारूळ दिसलं की "हॉल्ट!" मग दोन्ही बाजूंनी चाल करून टोपली भरायची. घरी आल्यावर एकेक अळंबी ओसरीवर परेडला उभी करून टोपी, दांडा, वास वहीत टिपायचा. मी मात्र हात धुऊन लांब बसे. शेजारच्या गावात कुत्र्याच्या छत्र्या खाऊन अख्खं घर दवाखान्यात पडलं होतं.

मामी "माती झाडून आणते" म्हणत टोपली परसात नेत. शेवटची परीक्षा पातेल्यात. शिजत्या अळंबीत मामा आपलं लढाईतलं पदक दोऱ्याला बांधून सोडत. "चांदी काळी पडली तर इख!" पदक दरवेळी लखलखीत निघे. मामा "पास!" म्हणून गरजत, आणि मी देवाचं नाव घेऊन जेवायला बसे. चव मात्र अशी, की मरण आलं तरी चालेल!

एकदा पदकाची कडी तुटली. साताऱ्याच्या सोनारानं ते कसोटीवर घासलं आणि म्हणाला, "सुभेदारसाहेब, ह्यात चांदी न्हाई." घरात पाय टाकताच मामा ओरडले, "आगं, इतकी वर्सं इख खाल्लं असतं की आमी!"

मामी तांदूळ निवडत होत्या. "कसं खाल्लं असतं? टोकदार टोपीची, लांब मुळाची तेवढीच ठेवत हुते. बाकीची उकिरड्यावर. माती झाडायला येवढा येळ लागतोय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"आवं, तुमचं पदक हाय. त्याला मी खोटं म्हणू?"

मामा मिशीवरून हात फिरवत उगाच गोठ्याकडे गेले. त्यानंतर टोपली आधी मामींपुढे जाई, आणि मामा चक्क "तपासून घ्या" म्हणत. पदक मात्र पातेल्यात पडतच राहिलं. मामींचाच तसा आग्रह होता.

मामी गेल्या, त्या श्रावणात आम्ही पुन्हा रानात गेलो. वारुळावर टोकदार टोप्यांची दाटी झाली होती. मलासुद्धा ओळखू आल्या. टोपली खाली ठेवून मी विचारलं, "काढू का?"

मामांनी टोपली उचलून माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले, "घरात तपासणारं कोण हाय आता?"