शेवटच्या नळापर्यंत पाणी

सकाळी सहाच्या सुमारास आसारामची सायकल ढिवर मोहल्ल्यात शिरायची, घंटी दोनदा वाजायची आणि बायका घड्याळ न बघता पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, घेऊन नळाशी बसायच्या. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं. आसाराम नगरपरिषदेचा चावीवाला, म्हणजे वार्डावार्डाला नळाचं पाणी सोडणारा माणूस. टाकीखालच्या चेंबरात लांब दांड्याची लोखंडी चावी घालून तो व्हॉल्व्ह फिरवायचा आणि परत येता येता घंटी वाजवायचा. साहेबांना त्याचं नाव धड ठाऊक नव्हतं, पण तो एक दिवस तापाने पडला की अख्ख्या वार्डाच्या तोंडचं पाणी पळायचं.

मोहल्ला तलावाच्या काठाला, पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. मासोळ्या धरून जगणारी साठ-सत्तर घरं. त्यांच्या आधी लागते शिक्षक कॉलनी, आणि कॉलनीत घरटी एक टिल्लू पंप. कॉलनीचा व्हॉल्व्ह मोकळा सोडला की पंप सगळं पाणी ओढून घेतात, आणि मोहल्ल्यातल्या नळांना नुसती हवा फुसफुसते. म्हणून आसाराम कॉलनीला सहाच फेरे खोलायचा आणि मोहल्ल्याला पुरे चौदा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चुकत-माकत, दोन्हीकडच्या शिव्या खात तो ते शिकला होता आणि एका निळ्या वहीत लिहून ठेवत होता. त्यातली एक ओळ लाल पेनाने अधोरेखित होती: ‘मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह तीन फेऱ्यांवर आणू नये. नळ थेंबथेंब चालतो, गुंड भरत नाही.’

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. जागेवर ठेक्याचा प्रितम आला, त्याला आसारामने फेरे तोंडी सांगितले. वही मात्र पेटीतच ठेवली. ज्याच्या हाती ही वही त्याच्या हाती मोहल्ल्याचा गळा, एवढं तो जाणून होता. सवय काही सुटली नाही. रोज सकाळी तो टाकीपर्यंत सायकल मारायचा, पाणी सुटलेलं बघायचा आणि घंटी वाजवत घरी यायचा.

नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि लिलाधर त्याच्या दारात आला. हा मोहल्ल्यातलाच पोरगा, बाप आसारामच्या बरोबरीने तलावात जाळं टाकायचा. रेती-गिट्टीच्या धंद्यात पैसा आला तसा लिलाधर कॉलनीत राहायला गेला होता. पण त्या दिवशी खुर्ची सोडून तो खाली फरशीवर बसला, आणि आसाराम तिथेच विरघळला.

“काकाजी, मी उभा राहून राहिलो. वार्डात काय काय पायजे, तुमीच सांगा. तुमच्याएवढा वार्ड कोनाले मालूम आहे जी?”

जन्मात कोणी त्याला असं विचारलं नव्हतं. तो सांगत गेला, लिलाधर लिहीत गेला. मासोळी विकणाऱ्या बायकांना ओटा, नाल्यांवर झाकणं, तलावाच्या पाळीवर दिवे. आणि सगळ्यांच्या आधी पाणी. मोहल्ल्यासाठी टाकीपासून वेगळी पाइपलाइन.

“पयला मुद्दा हाच,” लिलाधर म्हणाला. “फक्त मले थे वही द्या. इंजिनिअरले दाखवा लागन ना, नाहीतर नकाशा कसा काढन थो?”

बेबीबाई आतून चहा घेऊन आली होती. लिलाधर गेल्यावर म्हणाली, “काहून देल्ली वही? पोटातलं पोटात ठेवाव ना!”

“आपला पोरगा आहे तो,” आसाराम म्हणाला.

आठ दिवसांत जाहीरनामा छापून आला. पहिलीच ओळ होती, ‘शेवटच्या नळापर्यंत पाणी’. आसारामने ती दहा वेळा वाचली आणि मग तो कागद घेऊन घरोघर फिरला. शेजारची चंद्रभागाबाई बसस्टँडजवळ मासोळी विकायची, तिची जीभ कोणाला भीत नसे. ती म्हणाली, “लिलाधरवर माहा भरोसा नाही. तुमच्यावर आहे, म्हनून देतो मत.”

लिलाधर निवडून आला, पण मोहल्ल्याच्या बूथवर मागे पडला. तिथली निम्म्याहून जास्त मतं दुसऱ्या उमेदवाराला गेली होती. आसारामला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, काम झालं की लोक आपोआप जवळ येतील.

आणि काम सुरू झालंही. पंधरा दिवसांत मजूर आले, कॉलनीच्या लाइनपासून नाली खोदत निघाले आणि थेट आसारामच्या अंगणात येऊन त्यांनी नवा नळ बसवला. आसारामची छाती भरून आली. बायका जमल्या तेव्हा तो सगळ्यांना सांगत होता, “माह्यापासून सुरुवात झाली. आता एकेक घर घेतीन.” मजुरांनी फावडी गोळा केली, माती लोटली आणि ते निघून गेले. ते पुन्हा काही आले नाहीत.

त्याच आठवड्यात मोहल्ल्याचं पाणी गेलं. गेलं म्हणजे बंद झालं नाही. थेंबथेंब यायचं, तासाभरात तांब्या भरावा इतकं. नगरपरिषदेत तक्रार नेली तर बाबू विचारायचा, नळ चालू आहे ना? मग कशाची तक्रार? आसारामच्या नव्या नळाला मात्र धो धो पाणी. मोहल्ल्याने दोन आणि दोन चार केले. कोणी भांडलं नाही. तो दिसला की बोलणं थांबायचं, एवढंच. त्याने सकाळची सायकलही बंद केली.

चौथ्या दिवशी न राहवून तो टाकीवर गेला. प्रितम चेंबरात वाकून चावी फिरवत होता. आसाराम मनात मोजत राहिला. एक, दोन, तीन. प्रितम थांबला.

“तीनच काहून? चौदा सांगतले होते ना तुले!”

प्रितमने खिशातून झेरॉक्स काढून दिली. “साहेबानं हेच देल्लं जी. तीनवर ठेवा लागते म्हने.”

अक्षर आसारामचं होतं. जिथे आणू नये म्हणून लिहिलं होतं, त्याच ‘तीन’भोवती कोणीतरी गोल काढला होता. आपण विहिरीला कठडा बांधला आणि त्याच कठड्यावरून आपल्या माणसांना आत ढकललं गेलं, असं त्याला वाटलं.

तो तसाच लिलाधरकडे गेला. लिलाधर फोनवर होता. फोन ठेवून त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मोहल्ल्यानं मले पाडाले पायलं, काकाजी. थोडं समजू द्या त्याइले. अन् तुमच्या घरी तं पानी येऊन राहिलं ना? मंग तुमाले कायचा त्रास?”

या वेळी खुर्ची सोडून तो काही खाली बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसारामने आपल्या नळाला लांब पाइप जोडला, त्याचं तोंड गल्लीत ठेवलेल्या ड्रमात सोडलं आणि सगळ्यांना बोलवावं म्हणून सायकल काढली. चार-पाच दिवसांनी मोहल्ल्यात घंटी वाजली, दोनदा.

दारं उघडली. गुंड घेऊन बायका धावत आल्या आणि जुन्या सवयीने आपापल्या नळाशी बसल्या. तोट्या फिरल्या. हवा फुसफुसली. मग एकेकीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“आसारामभाऊ,” चंद्रभागाबाई म्हणाली, “आता मस्करीबी कराले लागले का आमची?”

“नाही वो वहिनी! माह्या घरचं भरा. पाइप लावला आहे मी. सगळ्याइनं भरा.”

“थे आमचंच पानी होय. तुमच्या दारात येऊन मांगू?” तिने रिकामा गुंड कमरेवर घेतला. “मत म्या लिलाधरले नव्हतं देल्लं. तुमाले देल्लं होतं.”

ती तलावाजवळच्या बोरिंगकडे चालू लागली. तिच्या मागे बाकीच्याही गेल्या.

आसाराम सायकल धरून उभा राहिला. ड्रम भरला होता, पाणी काठावरून उतरून नालीत जात होतं. बेबीबाई दारातून म्हणाली, “वाया जाऊन राहिलं. बंद करू का?”