पिठाच्या डब्यातलं चार नंबर

ऊसतोडीला जाणारा ट्रॅक्टर निघाला तेव्हा आईचं माझ्याकडं लक्षच नव्हतं, ती डब्याकडं बघत होती. "पिठाचा डबा नीट धर. सांडलं तर तिकडं खाशील काय?" मी डबा दोन्ही पायांत आवळला होता, पण पिठासाठी नाही. पिठात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं तुमचं पुस्तक होतं, रज्जाकचाचा. खोटं बोलून आणलेलं. चौसाळा गाव मागं पडलं तरी मी डब्यावरचा हात काढला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चाचांचं पंक्चरचं दुकान, शेजारी सोसायटीचं खताचं गोदाम. दुष्काळात खत कोण उचलतंय? गोदाम रिकामं पडलं, तेव्हा चाचांनी सोसायटीवाल्यांच्या मागं लागून तिथं वाचनालय सुरू केलं. पुस्तकांना युरियाचा वास यायचा. दारावर खडूनं लिहिलेलं होतं : दसऱ्यानंतर टोळीतल्या घरांना पुस्तक मिळणार नाही. ते बरोबरच होतं. ऊसतोडीला गेलेली माणसं सहा महिन्यांनी यायची, पुस्तकं येतच नसत.

आणि नेमक्या त्याच वर्षी मला नर्सबाई भेटल्या. एका रिटायर नर्सबाईंच्या रहस्यकथांची बारा पातळ पुस्तकं. खूनबिन फारसे नाहीत. कुणाची नथ हरवायची, कुणाचं मृत्युपत्र बदललं जायचं, आणि बाई चहा पीत पीत चोर सांगायच्या. तोवर मला वाटायचं, पुस्तक म्हणजे धडा आणि खाली प्रश्न. पहिली तीन मी आठवड्यात फस्त केली. चौथं मागायला गेले तेव्हा दसरा उलटला होता.

"यंदा जात न्हाईत का तुमी?" चाचांनी चष्म्यावरून विचारलं.

"न्हाई. बाबांची कंबर धरलीय," मी धडधडीत थाप मारली. तीन दिवसांनी आम्ही ट्रॅक्टरवर होतो.

साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या वाळल्या पाचटाच्या खोपीत, पुस्तक दोन दिवसांत संपलं आणि भीती सुरू झाली. पाचटाला एक ठिणगी पुरे. उंदरानं कुरतडलं तर? चाचा मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, मग उरलेली आठ कुठून वाचायची? त्यात पीठ रोज कमी होत होतं आणि पुस्तक वर वर येत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आईच्या हाताला लागलं.

"लोकाची चीज कावून आणलीस?" आई लई तापली. मग जरा वेळानं म्हणाली, "काय हाय त्यात? वाच."

वाचलं. शेजारच्या खोपीतल्या बायाही येऊन बसल्या. अर्ध्यातच आई म्हणाली, "त्यो जावईच हाय चोर. ताटावरून उठला बघ." जावईच होता. पुढं त्या बायांनी ते पुस्तक चार वेळा वाचून घेतलं.

उन्हाळ्यात परतलो. टँकरच्या रांगेत हंडा ठेवून मी गोदामात गेले. चाचांनी पुस्तक उघडलं, पानांतून पीठ सांडलं. मला तर रडूच फुटलं.

"बाबांची कंबर कशी हाय?" त्यांनी विचारलं. मी सांडलेलं पीठ गोळा करू लागले.

"तू पुस्तक मागायला आलतीस, तवा मुकादमाच्या ट्रॅक्टरचं चाक माझ्याच दुकानात खोललेलं होतं. कोण कोण चाललंय ते त्यानं सांगितलं. तुझ्या बाबाचं नाव पयलं."

"मग दिलं कावून?"

"सहा महिने तू काय वाचलं असतंस बेटा?" असं म्हणून त्यांनी पाचवं आणि सहावं पुढं केलं. दारावरचा नियम मात्र पुसला नाही.

नर्सबाईंच्या मागोमाग मी प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, किड्यामुंग्यांची पुस्तकं, हाताला लागेल ते वाचलं. आता पुण्यात नोकरी आहे. लायब्ररीचा परतीच्या तारखेचा मेसेज आला की अजून माझा हात आधी पिठाच्या डब्याकडं जातो.

गाव सोडलं त्या सकाळी चाचांनी मला नर्सबाईंचं, तोवर न दिलेलं बारा नंबर दिलं होतं. "वाचून आण," म्हणाले. आठ वर्षं झाली. शेवटचं प्रकरण मी मुद्दाम वाचलेलं नाही. मला घर म्हणजे ते गोदाम वाटतं, कारण तिथं माझं एक पुस्तक परत करायचं राहिलंय. पण परवा आई फोनवर म्हणाली, चाचांना आता नीट दिसत नाही, आणि सोसायटी गोदाम परत मागतेय. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

चाचा, दिवाळीला येते. शेवटचं प्रकरण तुम्हाला वाचून दाखवते, चोर कोण ते तुम्हीच ओळखा. तोवर गोदामाची किल्ली कुणाला देऊ नका.