मुठीच्या आतला आकडा

बुधवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. मस्कतच्या बौशर भागातल्या कार्यशाळेचं शटर अर्धंच वर गेलेलं होतं आणि फेबियन तुस्कानो कामाला लागला होता. त्याच्यासमोर शिसवी लाकडाच्या दोन फाकी होत्या, एक जुनी आणि एक नवी. दोन्ही एकाच पिस्तुलाच्या मुठीच्या डाव्या बाजूच्या. मुठीवर एकच बसणार होती.

फेबियन एकोणपन्नास वर्षांचा आहे, वसईतल्या नंदाखालचा. एकवीस वर्षं मस्कतमध्ये आहे. शिकारीच्या आणि नेमबाजीच्या हत्यारांची दुरुस्ती करणाऱ्या या परवानाधारक कार्यशाळेत लाकडाचं सगळं काम त्याच्याकडे असतं. लोखंडाचं काम शेजारच्या लेथवर प्रेमानंद जाधव करतो. तो महाडचा. दोघं बारा वर्षं एकाच टेबलावर डबा खातात.

पिस्तूल नेमबाजीचं आहे, पॉइंट टू टू बोअरचं. बनावट युरोपातल्या कारखान्याची, पण १९८५ साली मस्कतमध्ये ते एका माणसाच्या हातासाठी पुन्हा घडवलं गेलं. नळीखाली पितळेचं वजन बसवलं, घोड्याचा बाक बदलला, मूठ नवी केली. ते अमीन नावाच्या नेमबाजाचं होतं. अमीन दोन वर्षांपूर्वी वारला आणि पिस्तूल रीतसर मुलाच्या, रय्यानच्या नावावर झालं. रय्यान अल् खुवैरला एका मंत्रालयात नोकरी करतो. तीन आठवड्यांपूर्वी तो परवान्याचे कागद आणि पिस्तूल घेऊन आला. गंज काढायचा होता, पितळ उजळायचं होतं, आणि डाव्या फाकीला स्क्रूच्या भोकातून गेलेली चीर होती. त्याची अट एकच होती. ज्याने हे घडवलं त्याच्या पद्धतीनेच सगळं व्हावं.

घडवणाऱ्याचं नाव रय्यानला ठाऊक नव्हतं. वडील त्याला नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत.

फेबियनने दोन स्क्रू काढून फाक उलटी केली, तेव्हा आतल्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेले मराठी आकडे दिसले. ४१, त्यावर काट मारलेली. शेजारी १३१. खाली छोटासा क्रूस.

त्याचे वडील इनास तुस्कानो १९७४ ते १९९० मस्कतमध्ये सुतारकाम करत. घरी पत्र लिहिताना ते वर तारीख घालत नसत. सुट्टीला किती दिवस उरले तो आकडा घालत, आणि त्याखाली क्रूस. दर दोन वर्षांनी दोन महिने ते घरी येत. फेबियन पंधरा वर्षांचा असताना वारले. त्यांनी मस्कतमध्ये नेमकं काय काम केलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला विचारलं की ती म्हणायची, लाकडाचं.

आकडा पाहिल्यावर फेबियनने फाक पालथी ठेवली, बाहेर थांबलेल्या रय्यानला येऊन सांगितलं, ही चीर सांधता येणार नाही, नवी फाक करावी लागेल. रय्यानने विचारलं, मग जुनीचं काय? फेबियन म्हणाला, ती आता कामाची नाही. तर मग ठेव तूच, असं म्हणून रय्यान गेला.

चीर सांधता येत होती. गरम सरस, आतून पितळेची एक बारीक खिळी आणि दोन दिवस शिकंज्यात. प्रेमानंदने लेथवरून नुसतं बघितलं तरी त्याला ते कळलं होतं.

“तुस्कानो,” तो संध्याकाळी म्हणाला, “डोळे तपासून घे. का मालकाला सांगू, तुस्कानोला चीर दिसायला लागली, पण सांधा दिसेना झाला?”

फेबियनने त्याला आकडा दाखवला, कुणाचा ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहा प्रेमानंदने आणला.

नवी फाक करायला अठरा दिवस लागले. सोपं नव्हतं. पकड घट्ट राहावी म्हणून मुठीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी कोरतात. सगळे कारागीर कोरणी पुढे ढकलत कोरतात. इनास मिस्त्रींची प्रत्येक रेघ अंगठ्याच्या बाजूला खोल आणि बोटांकडे उथळ होत गेलेली होती, म्हणजे ते कोरणी स्वतःकडे ओढत असत. फेबियनने शिसवीचे चार तुकडे वाया घालवले, तेव्हा कुठे ओढून कोरणं हाताला बसलं. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवायच्या वयात शिकवणारा इथे होता.

या अठरा दिवसांत त्याने त्या कामात खोट शोधली. हे तो स्वतःच सांगतो. एखादी रेघ चुकलेली, कुठे घाईने मारलेली कानस, काहीतरी. सापडलं नाही. स्क्रूखाली, जिथे कुणी पाहणार नाही, तिथलंही लाकूड घासून गुळगुळीत केलेलं होतं.

खोट शोधायला कारण होतं. १९८५ च्या मे महिन्यात नंदाखालच्या चर्चमध्ये फेबियनच्या पहिल्या कम्युनियनचा सोहळा झाला. पप्पा येणार म्हणून त्याच्या पांढऱ्या बुटांचं माप पाठवायचं ठरलं होतं, बूट मस्कतहून येणार होते. पप्पा ऑगस्टमध्ये आले. बूट आणले, ते तोवर लहान झाले होते. उशीर का झाला, ते कधी बोलले नाहीत. मुलाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि तो पुढे बदलला नाही.

फेबियनने इव्हॉनला, बायकोला, फोन करून आईच्या पत्र्याच्या पेटीतली त्या वर्षीची पत्रं शोधायला सांगितलं. मंगळवारी रात्री तिने एका पत्राचा फोटो पाठवला. वर आकडा होता १३१. खाली लिहिलं होतं की काम लांबलंय, शेठच्या मुलाची जुलैत स्पर्धा आहे, त्याच्या हाताला बसेपर्यंत सोडवत नाही, फेबूला समजाव. इव्हॉनने सोबत लिहिलं होतं: “हेच ना? पुढचं वाचता येत नाही, शाई उडालीय.”

बुधवारी म्हणूनच तो लवकर आला होता. रय्यान साडेसातला येणार होता, ऑफिसला जाता जाता.

तो आला. प्रेमानंदने चकचकीत न करता हवी तेवढीच उजळलेली नळी आणि पितळ त्याला दाखवलं. फेबियनने नवी फाक बसवून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि हातात दिलं. रय्यानने हात लांब केला, नळी भिंतीकडे. जाळी तीच, वळण तेच. छान झालंय, म्हणाला. मग पिस्तूल खाली ठेवलं आणि टेबलावरची जुनी फाक उचलली. अंगठा टेकतो त्या जागी ती घासून खोलगट झाली होती. जवळपास चाळीस वर्षांत अमीनच्या अंगठ्याने. रय्यानने आपला अंगठा तिथे ठेवला आणि तसाच उभा राहिला. घड्याळ बघितलं नाही.

फेबियनच्या ध्यानात आलं की बाहेरचा खळगा आणि आतला आकडा एकाच लाकडावर आहेत. कापून वाटता येणार नाहीत.

“जुनी सांधता येते,” तो हिंदीत म्हणाला. “पहिल्या दिवशी मी खोटं बोललो.”

रय्यानने विचारलं, का.

फेबियनने फाक उलटी करून आकडे दाखवले, ते काय आहेत ते सांगितलं आणि फोनवरचं पत्र दाखवलं. रय्यानला मराठी वाचता येत नाही, आकडे जुळवता आले. तो म्हणाला, वडील नेहमी सांगत की मिस्त्री त्यांच्या तळहाताला काजळी फासून मूठ धरायला लावायचा आणि जिथे काळं उमटेल तिथे खरवडायचा. रोज, तीन महिने. घरी जायची घाई नाही का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

“काय म्हणाले ते?” फेबियनने विचारलं.

“म्हणाला, आहे. हात सरळ धर.”

प्रेमानंदने लेथ बंद केला होता.

रय्यानने फाक फेबियनकडे सरकवली. “ठेव. तुझ्या बापाचं आहे.”

“हाताला तुझ्या बापाच्या बसलंय,” फेबियन म्हणाला. “दोन दिवस दे.”

रय्यान बरं म्हणाला. फेबियनने पिस्तुलावरून उतरवलेली नवी फाक मात्र त्याने मागितली नाही, तशीच टेबलावर राहू दिली.

आठ वाजता फेबियनने सरस गरम करायला ठेवला. चिरेत भरला, खिळी बसवली, आकड्यांवर कागद चिकटवून ते झाकून घेतले आणि फाक शिकंज्यात आवळली. प्रेमानंद जवळ येऊन बघून गेला.

“दिसला म्हणायचा सांधा,” तो म्हणाला.

नवी फाक खणात आहे. तिच्या आतल्या बाजूला काही लिहिलेलं नाही. फेबियनची पुढची सुट्टी डिसेंबरात आहे, तिकीट काढलेलं नाही.

उद्या गुरुवार. कार्यशाळा सातला उघडते. शिकंजा शुक्रवारच्या सुट्टीनंतर, शनिवारी सोडायचा आहे. उद्या तो नुसता पाव फेरा आवळला जाईल, कारण सरस सुकताना लाकूड थोडं बसतं.