डाव्या हाताचे गुलाब

फुलपाड्यात आमच्या इमारतीची एक रीत आहे. क्लास लावायचा असो, डॉक्टर बदलायचा असो की शेगडी घ्यायची असो, जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याने आधी केलंय त्याच्या दारात चप्पल काढायची आणि विचारायचं. संपदाला मीच म्हटलं होतं, केकचा क्लास लावायचा ना, मग मीराला विचार. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा राग थोडा मला माझाही येतो.

संपदा माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. बालवाडीत शिकवायची. लॉकडाऊनमध्ये बालवाडी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, आणि तेव्हापासून ही बाई घरात नुसती घुसमटते आहे. तिचे मिस्टर, विघ्नेशभावजी, चांगले आहेत, पण "तुला काय कमी आहे?" यापलीकडे त्यांची गाडी जात नाही. तिला कमी होतं ते एवढंच, की तिच्या नावाने ओळखलं जाईल असं काहीच नव्हतं. हे तिने मला जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन.

तिचा डावा हात म्हणजे सोनं. हरतालिकेच्या आदल्या दिवशी अख्खी इमारत तिच्या दारात हात पुढे करून बसलेली असते. मेंदीचा कोन तिच्या बोटांत आला की सुटत नाही. पैसे कधी घेतले नाहीत. मी दरवर्षी तिच्यावर चिडते आणि दरवर्षी माझाही हात पुढे करते.

मीरा दुसऱ्या मजल्यावरची. तिने एव्हरशाईन सिटीत फ्लॉसी मॅडमचा केक सजवण्याचा क्लास केला आणि घरून ऑर्डरी घ्यायला लागली. फ्लॉसी मॅडम वसई गावातल्या. त्यांच्याकडे आईपासून लग्नाचे केक करायची पद्धत, त्यामुळे क्लासचं नाव मोठं. संपदा विचारायला गेली तेव्हा मीरा क्रीम फेटत होती. म्हणाली, "अगं, तिथे काही शिकवत नाहीत. सगळं युट्यूबवर आहे. मी फसले, तू नको फसूस." आणि मग सहज म्हणावं तसं, "बघ जरा, हा गुलाब जमतोय का तुला."

जमला. पहिल्याच दिवशी जमला. कोन काय आणि क्रीमची पिशवी काय, दाबायचं तर बोटांनीच. फक्त संपदा डावखुरी, त्यामुळे तिच्या गुलाबाच्या पाकळ्या बाकीच्यांच्या उलट्या दिशेने उघडायच्या. मीराला त्याचं फार कौतुक. मग दुपारी दुपारी फोन यायला लागले, ये ना, दोनच फुलं आहेत. दोनाची वीस कधी झाली ते संपदाला कळलंही नाही. दीड वर्ष ती मीराच्या ओट्याशी उभी राहून गुलाब करत होती आणि मला सांगत होती, फुकटात शिकायला मिळतंय. मला ते पटत नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही, आणि एरवी माझं तोंड बंद नसतं.

यंदा गणपतीनंतर फ्लॉसी मॅडमच्या क्लासची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. नवी बॅच, आधी एक दिवस फुकट बघायला या. वर फोटो, तीन मजली पांढरा केक आणि त्यावर गुलाबांची वेल. संपदा फोन घेऊन माझ्याकडे आली आणि बोटांनी फोटो मोठा केला. पाकळ्या उलट्या होत्या. खाली लिहिलं होतं, गुलाबकाम शिकवणार मीरा मॅडम.

मी तर खाली जाऊन दार वाजवणारच होते. संपदा म्हणाली, नको, क्लास बघायलाच जाऊया. काहीतरी गैरसमज असेल. इतकं होऊनही तिला गैरसमजच वाटत होता.

आम्ही दोघी गेलो. एव्हरशाईनमधला तळमजल्याचा गाळा, पंधरा-वीस बायका, फ्लॉसी मॅडम चष्मा डोक्यावर चढवून मध्ये उभ्या. मीराने आम्हाला पाहिलं. मग तिने उजव्या हाताने गुलाब करून दाखवला. बरा होता. नंतर प्रत्येकीला एक एक करायला दिला. संपदाची पाळी आली तेव्हा मला वाटलं, ही मुद्दाम बिघडवेल. पण त्या हाताला बिघडवायचं कसं ते माहीतच नाही.

फ्लॉसी मॅडमनी चष्मा खाली घेतला. संपदाचा गुलाब पाहिला, मग भिंतीवर लावलेला तो फोटो पाहिला, मग मीराने केलेला. म्हातारी अनुभवी होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "मीरा, फोटोतले गुलाब कोणी केले?"

मीरा हसली. "मीच, मॅडम. तेव्हा डाव्या हाताने प्रॅक्टिस करत होते. संपदा माझ्याकडेच येते शिकायला. हो ना गं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते सभ्य नव्हतं. पण संपदाने टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं, आणि मान हलवली. होकारार्थी.

फ्लॉसी मॅडमनी चष्मा पुन्हा डोक्यावर चढवला. मग कौतुकाने मीराच्या खांद्यावर थोपटून पुढच्या बाईकडे गेल्या. निघताना त्यांनी संपदाला फॉर्म दिला. म्हणाल्या, ये जरूर, मीराने पाया चांगला करून घेतलाय तुझा.

रिक्षात मी तोंड सोडलं. मीराला जे म्हणायचं ते म्हणून झाल्यावर संपदालाही धरलं, की तोंड शिवलं होतं का तुझं? इतकी वर्षं हिची मेंदी फुकट लावून घेणाऱ्यांत मीही होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ती रडत नव्हती. फॉर्म मांडीवर ठेवून बसली होती.

"खोटं बोलताना ती माझ्याकडे बघत होती," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तिची लाज मी राखीन, हे तिला ठाऊक होतं. आणि मी राखली."

मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही. उद्या जाऊन मॅडमना खरं सांग आणि क्लासला नाव घाल.

"काय सांगू? मान मीच हलवली ना, विनिता," ती म्हणाली. "आता मी तिथे कितीही चांगला गुलाब केला, तरी तो मीराचाच म्हणतील."