पत्रूची गोष्ट, सादिकच्या तोंडून

चामोर्शीच्या सादिक बांगडीवाल्याचं तोंड त्याच्या बांगड्यांपेक्षा जास्त वाजायचं. समोरच्याचा प्रश्न पुरता व्हायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा. बायको शमीम वैतागून म्हणायची, "तुमच्या जिभेले लगाम म्हणून नाई." सादिकला ती तारीफ वाटायची, त्याला कोण काय करणार?

एटापल्लीकडच्या रानातले आठवडी बाजार तो बापाचं बोट धरून फिरला होता, त्यामुळे गोंडी त्याला घरच्या बोलीसारखी यायची. चामोर्शीत असं दुसरं कोणी नव्हतं आणि याचा त्याला भारी तोरा होता. म्हणून सन शहाण्णवच्या पावसाळ्याअखेर हैदराबादहून अन्नपूर्णाबाई आल्या, तेव्हा ज्यानं त्यानं सादिकचंच नाव पुढं केलं. बाई जंगलातल्या शेतीवर आणि बदलत्या गावांवर इंग्रजी पुस्तक लिहीत होत्या. त्यांना गोंडी येत नव्हती, मराठीही यथातथाच. सादिकशी त्या हिंदीत बोलत. बाईंच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून सादिक गावोगाव निघाला, आणि त्याची मान तेव्हापासून जी ताठ झाली ती झालीच.

फिरत फिरत जीप पत्रूच्या गावी गेली. पत्रू हा गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं सगळं बघणारा माणूस. बाजाराला जाता-येता सादिक त्याच्याकडेच उतरायचा. पत्रूच्या बायकोनं, मंगलीनं, कोंबडी करायची ठरवली की ती जिवंत कोंबडी सादिकच्याच हातात द्यायची. "तुझ्या रिवाजानं काप," म्हणायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाहुण्याच्या पोटात त्याच्या धर्माचं जावं, एवढंच तिला कळत होतं.

त्या दिवशी अंगणात हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या धानाची ताजी रास पडली होती आणि पोरं मात्र उकडलेला पाला आणि कंद खात बसली होती. अन्नपूर्णाबाईंनी ते पाहिलं. घरात धान असून पोरांना भात का नाही, हे विचारा, म्हणाल्या. सादिकनं गोंडीत विचारलं. मंगली सरळ बोलली, "पंडुम नाई झाला अजून. देवाले अन् पितरायले नवं धान चढल्याबिगर आमी कसे खाऊ?"

आता हे सादिकला ठाऊक नव्हतं असं नाही. पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, त्यानं त्या गावात कितीदा पाहिला होता, त्याच अंगणात बसून जेवला होता. पण पंडुम म्हटलं की बाई विचारणार पंडुम म्हणजे काय, मग देव कोणता, मग पितर कुठे राहतात. आणि तिकडे दुपारचा बाजार भरत आलेला. शहरात रानातल्या माणसांबद्दल जे बोललं जातं, ते त्याच्या जिभेवर तयारच होतं.

"शराबसाठी विकतो ना हिचा नवरा धान," सादिक हिंदीत म्हणाला. "पोरांना काय देणार?"

बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मंगलीनं हसून पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला. सादिक बाजारात गेला, बांगड्या विकल्या, आणि बोललेलं विसरूनही गेला.

पुढं काही वर्षांनी एका संस्थेनं त्या पुस्तकाचं मराठी भाषांतर काढलं आणि चामोर्शीत प्रकाशनाचा समारंभ ठेवला. पुस्तकात पत्रूच्या घरावर अख्खं प्रकरण होतं, म्हणून पत्रूलाही मानानं बोलावणं गेलं. आणायला गेला सादिकच. पत्रू डोक्याला पांढरं पागोटं बांधून आला. त्याला बाजारापुरती मराठी यायची, मीठ, तंबाखू, भाव, एवढीच. पहिल्या रांगेत दोघांना शेजारी बसवलं, दोघांनाही हार घातले. सादिकला वाटलं, आज अब्बा असते तर.

मग एका प्राध्यापकांनी प्रकरण वाचायला घेतलं. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता. अंगणातली धानाची रास आली, पाला खाणारी पोरं आली. आणि मग: "या घरातलं धान पोरांच्या ताटात पोचत नाही, कारण घरधनी पत्रू मद्यापायी त्याची विक्री करतो." सभागृहातून एक सुस्कारा निघाला. सादिकच्या कानशिलातून वाफा निघू लागल्या. गळ्यातल्या हाराची फुलं त्याला टोचू लागली.

आपलं नाव ऐकून पत्रू त्याच्याकडे झुकून गोंडीत म्हणाला, "सादिकभाऊ, माह्याबद्दल का वाचून राह्यले?"

तेव्हा तरी खरं सांगायचं! पण चारशे माणसांसमोर खरं सांगायला लागणारी छाती त्या हाराखाली नव्हती. "तुह्या घराची गोष्ट आहे," तो म्हणाला. "चांगलं लिवलं आहे."

पत्रूचा चेहरा उजळला. तो आपणहून उठला, हात जोडले आणि गोंडीत बोलला. सगळे सादिककडे बघू लागले. मंचावरून अन्नपूर्णाबाईंनी खूण केली, सांगा. सादिक उठला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं पदरचा एक शब्द घातला नाही.

"पत्रूभाऊ म्हणतात, मी तर मुका माणूस, माझ्यासाठी सादिक बोलला. त्यानं जे सांगितलं ते खरं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या मोकळेपणानं आपली चूक कबूल करणारा माणूस, म्हणून मागच्या रांगा उभ्या राहिल्या. पत्रू सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता. सादिकला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

कार्यक्रम संपल्यावर सभागृहाबाहेर अन्नपूर्णाबाई पत्रूजवळ आल्या. त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन त्या जमेल तशा मराठीत म्हणाल्या, "पत्रूभाऊ, आता दारू सोडा. मुलांसाठी सोडा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई मनापासून बोलत होत्या, तेच तर वाईट.

दारू हा शब्द पत्रूच्या बाजारातल्या मराठीत होता. तो गोंधळला, मग सादिककडे वळून त्यानं गोंडीत विचारलं, "दारू? हे कोणं सांगितलं हिले?"

"म्या," सादिक म्हणाला. "तुमी धान पंडुमासाठी ठेवलं होतं, अन् म्या सांगितलं, दारूसाठी विकते. पुस्तकात तेच लिवलं आहे."

पत्रूनं बाईंच्या हातांतून आपला हात सोडवून घेतला. मग त्यानं विचारलं, "अन् मी आत्ता उभा राहून बोललो, ते?"

"जसंच्या तसं सांगितलं."

"म्हणजे मीच हो म्हणलो."

"काय म्हणतात ते?" बाईंनी विचारलं. सादिकनं तोंड उघडलं. आता तो सगळं सांगणार होता, पंडुम, पितर, रास, स्वतःचं खोटं, सगळं. पण पत्रूनं तळहात त्याच्या तोंडासमोर आडवा धरला.

"तू नोको सांगू."

मग पत्रू स्वतःच बाईंकडे वळला. "धान," तो म्हणाला. "नवा धान. देव... पयले देव." त्यानं दुसऱ्या हातानं वर बोट दाखवलं, मग जमिनीकडे. पितरांना मराठीत काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं. "बुढा मेला... बाप मेला... त्याले." बाई कपाळाला आठ्या घालून, कळवळून ऐकत होत्या. कोण मेलं, असं त्या विचारत होत्या. पत्रूनं पुन्हा सुरुवात केली. धान. नवा. देव. लोक थांबून बघू लागले, कोणीतरी हळूच म्हणालं, पिऊनच आला वाटते. पत्रूला न सापडणारा एकेक शब्द सादिकला येत होता, आणि त्याच्या तोंडासमोरचा पत्रूचा हात अजून खाली आला नव्हता.